चार बोटं कापड

४ जून

दादा,

या घरातून निघून गेलेल्या आणि निघायच्या बेतात असलेल्या समस्त मंडळींना उद्देशून हे लिहिते आहे. मंडळी दोनच आहेत, तू आणि मी. आपल्यात आठ वर्षं बोलणं नाही, पण आपलं गाऱ्हाणं एकच आहे आणि ते कधीतरी मांडलं पाहिजे. आपल्याला कोणी ‘राहा’ म्हणालं नाही.

तू बॅग आणि आईने शिवलेला कोट घेऊन दारात उभा होतास आणि म्हणालास, ‘मी जन्मभर लोकांच्या कमरा मोजणार नाही.’ आई मशीनवरून उठलीसुद्धा नाही. ‘कोटाला कसर लागते, डांबरगोळ्या ठेव,’ एवढंच म्हणाली. परवा मी तिला वाचून दाखवलं की मला परदेशात कायदा शिकायला प्रवेश मिळाला, अठ्ठावीस जुलैला निघायचं आहे. तर म्हणाली, ‘थंडी असेल तिकडे. कोट लागेल.’ आईच्या हिशेबी मुलं घराबाहेर पडतात ती कोट घालायला.

मला हे मान्य नाही. जे घर आपल्या माणसाला एकदाही अडवत नाही, त्या घराने त्या माणसाशिवाय जगायची तयारी आधीच करून ठेवलेली असते. हे मी कुठल्याही व्यासपीठावर उभी राहून सिद्ध करून दाखवीन.

तू म्हणशील, भोंगा सुरू झाला. हो, मीच ती. चौदा वर्षांची असताना चार गिऱ्हाइकांदेखत तुला पळपुटा म्हणाले होते. आता बावीस वर्षांची आहे आणि स्वतःच पळते आहे, तेव्हा तो शब्द परत घेते. फोन तू उचलत नाहीस म्हणून कागद. फाडायचा झाला तरी आधी हातात धरावा लागतो.

विद्यापीठाने नव्या मुलांना एक काम दिलंय: आपल्या गावाचं पाचशे शब्दांत वर्णन लिहून आणा, पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर वाचायचं. मी दोन खर्डे फाडले. नदी आहे, पूल आहे, बाजार आहे, वाचनालय आहे. असं गाव कुणाचं नाही? वक्तृत्वस्पर्धेत मला ‘लोकशाही’ द्या, ‘विज्ञान’ द्या, मी अर्धा तास उभी राहीन. ‘माझं गाव’ म्हटल्यावर दोन ओळींत अडले, कारण माझं गाव म्हणजे आपल्या दुकानाची खिडकी, आणि त्या खिडकीत आता दुसरंच कुणीतरी बसलंय.

तुला माहीत नसेल. दोन वर्षांपूर्वी मामाची मुलगी आपल्याकडे आली. ती ज्या कारखान्यात होती तो बंद पडला. तिथे ती दिवसभर फक्त कॉलर जोडायची, सहा वर्षं, नुसत्या कॉलरी. मी तिला टाचणी म्हणते, कारण अंगाने तशीच आहे आणि तोंडात कायम चार टाचण्या धरलेल्या असतात, त्यामुळे बोलत नाही. ‘आठ दिवस राहते’ म्हणून आली आणि खिडकीपाशी माझ्या मशीनवर बसली. माझ्या म्हणजे, मी जिच्यावर पुस्तक ठेवून वाचायचे त्या. याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतात.

मला हेवा वाटतो का? वाटतो. मी आडवळणाने बोलणार नाही. आई तिला ‘राहा’ म्हणाली नसेलही, पण ती राहिलीय. आणखी एक सांगते. मी बोलते तेव्हा आई हल्ली माझ्याकडे बघत नाही. मी समोर स्टुलावर बसते, टाचणी माझ्या शेजारी मशीनवर असते, आणि आईचे डोळे टाचणीवर. मी प्रवेशाचं पत्र वाचलं तेव्हासुद्धा. शब्द माझे, नजर तिच्यावर.

भोंगा


१५ जून

दादा,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. मला ऐकणारा हवा होता, बोलणारी मी आहेच.

वर्णनाचा मार्ग सापडला. काल आईची मापांची वही काढली, तीच लाल कापडी बांधणीची. आईने कुणाचं नाव कधी लिहिलं नाही, आठवतं? ‘नावं बदलतात, खांदे बदलत नाहीत,’ म्हणायची. पानापानावर पोस्टमन, औषधवाली, थोरला हार्डवेअर, धाकटा हार्डवेअर. म्हटलं, मिळालं आपलं गाव. पंचवीस वर्षांत ते सगळंच्या सगळं आपल्या खिडकीपाशी हात पसरून उभं राहिलंय.

पोस्टमनचा डावा खांदा उजव्यापेक्षा दीड इंच खाली आहे. झोळीने केला. आई डाव्या खांद्यात आतून भर घालते, त्यामुळे शर्टात तो सरळ दिसतो आणि स्वतःला सरळच समजतो. आता झोळी गेली, स्कूटर आली, तरी खांदा वर आला नाही. वाचनालयाच्या बाईंची मान पुढे आलीय, कॉलर मागून उंच लागते. मला पुस्तकं देता देता आली असणार, त्यांच्या पाठीत माझाही वाटा आहे. मुख्याध्यापिका अठरा वर्षं प्रत्येक कपड्यात आतून एक खिसा मागतात, ‘बाहेरून दिसता कामा नये’. आईने कधी विचारलं नाही कशाला.

आणि ते हार्डवेअरवाले भाऊ. दुकान एक, घर एक, बोलणं नाही. दोघांचं माप तंतोतंत सारखं. प्रत्येक जण स्वतंत्र येतो आणि म्हणतो, ‘त्याच्यापेक्षा अर्धा इंच लांब ठेवा.’ काही वर्षं आईने ठेवली. पँटी इतक्या वाढल्या की दोघंही रस्ता झाडत चालायला लागले. तेव्हापासून ती दोन्ही सारख्याच कापते आणि दोघांनाही हळूच सांगते, ‘तुमची लांब आहे हं.’ गावात शांतता आहे ती आईच्या या एका थापेवर. माझ्या सगळ्या भाषणांनी मिळून एवढं काम केलेलं नाही.

मग तुझं पान आलं. एक्केचाळिसावं. आईने खोडलेलं नाही. छाती अडतीस, बाही चोवीस, आणि खाली तिच्या अक्षरात: ‘चार बोटं ठेवली.’

हे तू विसरला असशील म्हणून सांगते. आई शिवणीच्या आत जादा कापड राखते, पुढेमागे उसवून वाढवायला. शिंपी लोक त्याला माया म्हणतात. त्या शब्दावर मी कोटी करणार नाही, ती प्रत्येक शिंप्याच्या जावयाने करून झालीय. आईचा नियम साधा होता. गावातल्याला दोन बोटं, कारण माणूस शिवायच्या दिवशी असतो तेवढाच राहत नाही. वाटेने जाणाऱ्या परक्या गिऱ्हाइकाला काही नाही. ‘तो उसवायला परत येणार आहे का?’ म्हणायची. आणि तुला चार. जो दार आपटून गेला त्याला चार बोटं. एकवीस वर्षांचा होतास, खांदे अजून भरायचे होते, सगळं खरं. तरी माझ्या पोटात दुखलं ते दुखलंच.

तुझ्या लग्नाचा फोटो या जानेवारीत मावशीने दाखवला होता, तेव्हा आई काय म्हणाली सांगू? तयार घेतलेला सूट होता तुझ्या अंगात. आईने फोटो डोळ्यांजवळ नेला, पुन्हा लांब धरला आणि म्हणाली, ‘खांदा चुकलाय.’ नवरीबद्दल अवाक्षर नाही.

आता माझं माप. कोटाचं कापड आलं, राखाडी, जाड, चांगलं आहे. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले, हात पसरून, लहानपणी उभी राहायचे तशी. आई खुर्चीतूनच म्हणाली, ‘टाचणे, तू घे गं माप. माझे गुडघे धरलेत.’

आईलाही ती टाचणीच झालीय. मी चिडवायला ठेवलेलं नाव आईने लाडाचं करून टाकलं.

तिने माप घेतलं. थंड बोटं, घाईत. आकडे वहीत तिनेच लिहिले. माझ्या पानावर, दादा, तिचं अक्षर. मी म्हटलं, ‘आई, निदान एकदा टेप धर. निघाले मी.’ आई म्हणाली, ‘तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे आता.’ आणि बघत होती कुठे? टाचणीकडेच.

भोंगा


२ जुलै

दादा,

आज मी घरात भाषण केलं. माझं आजवरचं सर्वांत प्रभावी आणि सर्वांत लाजिरवाणं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

सकाळी कोट तयार होऊन टांगलेला होता. घालून पाहिला. बसला, छान बसला, आरशात मी वकील दिसले. आणि मग मी ते केलं जे फक्त शिंप्याच्या घरातली पोर करते. लोक पत्र आलं की सही बघतात, आपण कपडा आला की शिवण बघतो. बगलेखाली अस्तराला हात घातला. जादा कापड लागेना. कात्री घेऊन अस्तराचे चार टाके उसवले. आत काही नव्हतं, दादा. गव्हाच्या दाण्याएवढी कड आणि तिच्यावर दोरा. दोन बोटं नाहीत, एक नाही. वाटेने जाणाऱ्याचा कोट.

मी कोट हातात घेऊन पुढे आले. मुख्याध्यापिका पडद्यामागे कपडे बदलत होत्या, पोस्टमन बाकावर बसला होता. मला थांबता आलं असतं. माणसं समोर दिसली की मला थांबता येत नाही, हा माझा दोष आहे आणि त्यावर मला बक्षिसंही मिळालीत.

‘आई,’ मी म्हटलं, ‘यात कापड ठेवलं नाहीस.’

आई काजं करत होती. सुई थांबली.

‘अंगाला बसतोय ना?’

‘बसतोय. पण आज बसतोय. चार वर्षांनी बसणार नाही. तेव्हा काय करू?’

‘तेव्हाचं तेव्हा.’

‘दादाला चार बोटं ठेवलीस. वहीत लिहून ठेवलंयस. मला परक्या गिऱ्हाइकाचा कोट?’

पोस्टमन म्हणाला, ‘मी नंतर येतो.’ मी म्हटलं, ‘बसा काका, तुमच्याही खांद्यात काय आहे ते कळू द्या सगळ्यांना.’ तो बिचारा आपल्या खांद्याकडे बघायला लागला.

मग मी सुरू झाले. म्हटलं, या घरात प्रेम मापाने मिळतं आणि माप कात्रीच्या हातात असतं. जो तोंडावर दार आपटतो त्याला चार बोटं, जी दोन वर्षांपूर्वी पाहुणी म्हणून येते तिला खिडकी, मशीन, वही, आणि जी बावीस वर्षं इथे वाढली तिला गव्हाएवढी कड. म्हटलं, ज्याला उसवायला परत यायचं नाही असं तूच ठरवलंयस, त्याने परत यावं तरी कशाला? टाळी पडायची जागा होती ती. पडद्यामागून मुख्याध्यापिकांचा हुंकारसुद्धा आला नाही.

आई म्हणाली, ‘अंगाला बसतोय ना? मग झालं.’

तेच वाक्य, दुसऱ्यांदा. माझ्याकडे न बघता. टाचणीच्या तोंडातल्या टाचण्या जमिनीवर सांडल्या आणि ती गोळा करत बसली, मान वर न करता. मला बरं वाटलं. तिला लागलं याचं मला बरं वाटलं, हे लिहिताना पेन अडखळतंय, पण लिहिते.

मी वाचनालयात गेले. पुस्तक उघडून एकही ओळ वाचली नाही.

भोंगा


९ जुलै

दादा,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस.

दोन तारखेनंतर घरात तिघींचं मिळून दिवसाला वीस शब्दांचं बोलणं होतं. काल दुपारी आई मावशीकडे गेली होती, टाचणीच तिला सोडून आली. परत आल्यावर मशीनवर बसायच्या ऐवजी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या आणि म्हणाली, ‘ऐक. मला भाषण येत नाही. मध्ये बोलू नकोस.’

मी गप्प बसले. हेही लिहून ठेवण्यासारखं आहे.

‘कोट मी शिवला,’ म्हणाली. ‘पूर्ण मी. कापलाही मीच. आत्याने सांगितलं होतं, चार बोटं ठेव, विसरू नकोस. मी विसरले. कारखान्यात जादा ठेवलं की सुपरवायझर तुकडा तोंडावर फेकायचा. सहा वर्षं तसंच कापलं, हाताला तेच वळण आहे. कात्री चालवून झाली तेव्हा लक्षात आलं. कापड उरलं नव्हतं. आत्याला सांगितलं नाही मी. तू ओरडलीस तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं.’

‘मग आई बोलली का नाही? तिथल्या तिथे सांगायचं, की मी ठेवायला सांगितलं होतं.’

‘मग तू विचारलं असतंस, कोट तू का नाही शिवलास.’

‘का नाही शिवला?’

टाचणीने खिडकीबाहेर बघितलं. ‘त्यांना दिसत नाही.’

दादा, आईच्या नजरेत मधोमध डाग आहे. दोन्ही डोळ्यांत. वर्ष झालं. कडेचं दिसतं, मधलं जातं. समोर माणूस उभं असलं तर हात दिसतात, बाजूची भिंत दिसते, चेहरा दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेलं येणार नाही, आहे ते जपायचं. काजं ती बोटांनी करते, सुई टाचणी ओवून ठेवते. वहीतले आकडे तिला दिसत नाहीत, तिला ते पाठ आहेत. अख्खं गाव पाठ आहे. आणि टाचणीला शपथ घातली होती, माझं विमान उडेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही.

मी म्हटलं, ‘तरीच माझ्याकडे बघत नाही. तुझ्याकडेच बघत असते.’

‘माझ्याकडे कशाला बघतील?’ टाचणी म्हणाली. ‘सरळ बघितलं की माणूस पुसून जातं. म्हणून डोळे बाजूला करतात, म्हणजे तू कडेला येतेस. मी तुझ्या शेजारी असते, एवढंच.’

पुन्हा वाच. मी वाचलं नाही, ऐकलं, आणि पुन्हा सांगायला लावलं. वर्षभर मी ज्या नजरेसाठी जळत होते ती माझ्यावरच होती. मला बघायला आईला माझ्यावरून डोळे काढावे लागत होते.

आता माझ्याबद्दल चांगलं मत करून घेऊ नकोस. एवढं ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? आई आंधळी होतेय, हे नाही. हे आलं: आईने तिला सांगितलं, मला नाही. जी सुई ओवते तिला गुपित, जी बोलते तिला कोट. पूर्वी मी एका खिडकीसाठी जळत होते, आता आईच्या डोळ्यांसाठी जळते आहे, कारण ते टाचणीकडे ठेवायला दिले आहेत. घृणा वाटते मला याची. तरी आहे.

मी म्हटलं, ‘मी जात नाही. मी राहते.’

टाचणी इतक्या सहज हसली की मला राग यायचं राहून गेलं. ‘राहून काय करशील? तुला बटण लावता येत नाही.’

‘शिकेन.’

‘गेल्या वेळी शर्टाचं बटण उशीला शिवलंस.’ मग म्हणाली, ‘मला तू जायला हवी आहेस असं समजू नकोस. मला तर वाटतं मला कुणीतरी एकदा वहीत लिहावं. दोन वर्षं झाली, माझं माप नाही त्यात.’

मी पाहिलं. खरंच नाही. ज्या वहीवरून मी तुझ्यावर आणि तिच्यावर जळते, त्यात तिला एक पानसुद्धा नाही.

भोंगा


१८ जुलै

दादा,

आईशी बोलले. सकाळी, ती खिडकीत बसली असताना. मी मुद्दाम सरळ समोर बसले नाही, थोडी बाजूला बसले. तिला लगेच कळलं.

‘सांगितलं तिने,’ आई म्हणाली.

‘सांगितलं. तू का नाही सांगितलंस?’

‘सांगितलं असतं तर गेली असतीस?’

‘नाही.’

‘मग?’

एवढं साधं बोलणं मी खोडू शकले नाही. वादविवादात सतरा ढाली जिंकलेल्या आहेत मी.

‘पण अडवावं तरी वाटलं का कधी?’ मी विचारलं. ‘दादाला? मला? एकदा तरी ‘राहा’ म्हणायचं.’

आई दोरा बोटाला गुंडाळायला लागली. म्हणाली, ‘माझ्या आईने मला म्हटलं होतं, राहा. मी राहिले. तिच्यावरचा राग जायला मला वीस वर्षं लागली. तो राग तुम्हाला द्यायचा नव्हता.’ मग म्हणाली, ‘कोटाच्या आत कापड मात्र ठेवत आले. परत यायला काहीतरी निमित्त लागतं माणसाला. उसवायचंय, एवढं पुरतं.’

त्या चार बोटांचा अर्थ मी महिनाभर लावते आहे आणि तो इतका साधा होता. तुझ्या कोटात तिने बोलावणं शिवून दिलं होतं. तू अस्तर कधी उसवलंच नाहीस.

मी जाते आहे. हे मी रडत ठरवलेलं नाही, विचार करून ठरवलंय. आईला नको असताना मी तिच्या खुर्चीशेजारी बसून राहिले, तर ते तिच्यासाठी नसेल, टाचणीला खिडकीतून उठवण्यासाठी असेल. सेवेच्या नावाखाली मत्सर करायचा नाही, एवढं तरी मला वाचून कळलंय.

काल आईने टाचणीला उभं केलं. टेप नाही, वीत आणि बोटं. खांद्यापासून खांद्यापर्यंत आईचे हात फिरत होते, ती आकडे सांगत होती, मी लिहीत होते. आईला आता असंच माप घेता येतं. हातांनी. टाचणी डोळे मिटून उभी होती, तोंडात एकही टाचणी नव्हती. पान एकशे सात. आईने विचारलं, ‘काय लिहायचं गं वर? मामेबहीण? कारागीर?’ मी म्हटलं, ‘घरची.’ आणि लिहिताना हेव्याने हात जड झाला, दादा. शब्द मी दिला, अक्षर माझं, तरी जड झाला. हा हेवा इतक्यात जाणार नाही. सामानात बांधून नेते आहे.

माझ्या कोटाचं काही करता येत नाही, कापडच नाही. टाचणी म्हणते, जाड झालीस तर बगलेत तुकडा घालू, पाठवून दे. मी म्हटलं, पाठवणार नाही, घेऊन येईन. आईने त्यात एकच गोष्ट केली. मानेमागे टांगायची पट्टी. ‘तेवढी मी लावते,’ म्हणाली, आणि बोटांनी चाचपून लावली. वाकडी आहे. दोन टाके एकावर एक आलेत. मुख्याध्यापिका पाहून म्हणाल्या, ‘हे काय, तिरकी गेली की.’ मी कोट काढून घेतला त्यांच्या हातातून. त्यांच्या आतल्या खिशात पेपरमिंट असतात, हेही मला आता कळलंय. माझ्या गालाला हात लावून त्यांनी एक दिलं.

वर्णन लिहून झालं. चारशे ऐंशी शब्द. पोस्टमन आहे, दोन पँटी आहेत, एक स्त्री आहे जिला गावातला एकही चेहरा दिसत नाही आणि जी एकही खांदा चुकत नाही. परक्या देशात, परक्या मुलांसमोर वाचीन. आवाजाची काळजी नाही.

आता तुझ्याकडे वळते. पाच पत्रं लिहिली, एवढ्याचसाठी.

तुझं माप आठ वर्षांपूर्वीचं आहे. अडतीस छाती, चोवीस बाही, एकवीस वर्षांचा मुलगा. आईला तो अजून तेवढाच माहीत आहे. फोटोत तिला तुझा चेहरा तेव्हाच दिसला नसणार, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. तिने नुसती कड बघितली, आणि खांदा चुकलाय एवढं सांगू शकली. डॉक्टर सांगत नाहीत कडा किती दिवस टिकतील. आज टिकून आहेत.

मी असताना येऊ नकोस. मी अठ्ठावीसला निघते, तू तीस तारखेनंतर ये. मला ते बघवणार नाही. तिचे हात तुझ्या खांद्यांवरून फिरताना मी तिथे असले, तर काहीतरी बोलून जाईन आणि सगळं नासेल. मी तिकडे दूर, वाकड्या पट्टीचा कोट घालून, खुशाल जळेन. तेवढं मला झेपेल.

क्षमा मागू नकोस, तिला नको आहे. समजावून सांगू नकोस, तिने विचारलेलं नाही. भेटवस्तू आणू नकोस. जुना कोट तेवढा आण, आणि सकाळी अकराला ये, तेव्हा खिडकीत ऊन असतं आणि तिला कडा चांगल्या दिसतात. सरळ तिच्यासमोर उभा राहू नकोस, जरा बाजूला राहा, म्हणजे ती तुला बघू शकेल. मग दोन्ही हात पसर, हलू नकोस, आणि तिला तुझं माप घेऊ दे.

भोंगा